दहा उंट आणि प्रस्थभर साळी

वधूची परीक्षा हा लोककथांतला आणि अभिजात साहित्यातलाही फार जुना कथाबंध आहे. वराचीही परीक्षा असते, नाही असे नाही. पण त्याला धनुष्याची दोरी चढवायची असते, मत्स्यभेद करायचा असतो. सगळे भर सभेत, वाजतगाजत. वधूची परीक्षा बहुधा तिला न सांगता होते, आणि तीही रोजच्या कामात. पाणी भरताना, भात रांधताना, सूत कातताना कोणीतरी तिच्याकडे पाहत उभा असतो.

या कथाबंधाकडे नव्याने वळायला मला निमित्त मिळाले ते हल्ली सर्रास ऐकू येणाऱ्या एका सल्ल्याचे. माझ्या भाचीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे. मैत्रिणींपासून आत्यांपर्यंत तिला सगळ्यांनी एकच सांगितले: मुलगा हॉटेलातल्या वेटरशी कसा बोलतो ते बघ, रिक्षावाल्याला सुटे पैसे कसे देतो ते बघ. माणूस कळतो म्हणे. सल्ला वाईट नाही. चाळीस वर्षांपूर्वी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आलेल्या माझ्या पिढीला कोणी असला सल्ला दिला नव्हता. माझ्या आईला तर सुई ओवायला लावली होती, आणि ओवून झाल्यावर ‘चालून दाखव’ म्हटले होते. त्या मानाने वेटर पुष्कळच बरा. पण लहानशा चांगुलपणावरून जोडीदार ओळखता येतो, ही कल्पना आजची नाही. ज्या कथाकारांनी ती वापरली, त्यांतल्या चांगल्या कथाकारांनी तिच्यावर पूर्ण विश्वासही ठेवलेला नाही. तो अविश्वास त्यांनी कुठे आणि कसा नोंदवून ठेवला आहे, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

सुरुवात आश्वलायन गृह्यसूत्रापासून करू, कारण तेथे परीक्षा आहे पण चांगुलपणाचा संबंध नाही. पहिल्याच अध्यायात सूत्रकार सांगतो की बुद्धी, रूप, शील आणि लक्षणे यांनी युक्त, निरोगी मुलगी करावी. आणि लगेच कबूल करतो की लक्षणे ओळखणे कठीण आहे. मग उपाय काय? आठ ठिकाणच्या मातीचे आठ गोळे करायचे आणि मुलीला एक उचलायला सांगायचे. वर्षाला दोन पिके देणाऱ्या शेतातला गोळा उचलला तर संततीला अन्नाची ददात नाही, गोठ्यातला उचलला तर गुरेढोरे भरपूर, वेदीवरचा उचलला तर ब्रह्मतेज, न आटणाऱ्या डोहातला उचलला तर सर्वसमृद्धी. द्यूतगृहातली, चव्हाट्यावरची, नापीक जमिनीतली आणि स्मशानातली माती अर्थातच अशुभ. शेवटची उचलणारी तर पतीच्या जिवावर उठणार. शीलाची अट घालून सूत्रकार शेवटी सोडतीवर येऊन थांबला आहे. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडतो. दुसऱ्याचे मन कळत नाही, हे त्याने निदान लपवलेले नाही.

दंडीच्या नायकाला मात्र ते कळवून घ्यायचे आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या या गद्यकाराच्या ‘दशकुमारचरिता’तली गोमिनीची कथा संस्कृत शिकवताना मी कितीदा तरी वर्गात वाचली असेल. द्रविड देशातल्या कांचीचा कोट्यधीश व्यापारीपुत्र शक्तिकुमार, वय अठराच्या आसपास. बायको नसेल तर सुख नाही, आणि गुणहीन बायको असेल तरी नाही. दुसऱ्यांनी शोधून दिलेली मनासारखी निघेल याचा भरवसा नाही. म्हणून हा पठ्ठ्या ज्योतिषाचे सोंग घेतो, उपरण्याच्या टोकाला प्रस्थभर साळी बांधतो आणि गावोगाव हिंडतो. मुली दाखवायला आणल्या की म्हणतो, एवढ्या भातात मला पोटभर, साग्रसंगीत जेवू घालशील? लोक हसतात आणि दाराबाहेर काढतात. दंडीने हे हसणे मुद्दाम ठेवले आहे, असे मला वाटते. परीक्षकाचे हसू होऊ शकते, हे त्याला ठाऊक आहे.

कावेरीच्या दक्षिण तीरावर, शिबिदेशातल्या एका गावी त्याला गोमिनी भेटते. घराणे एके काळचे श्रीमंत, आता पडके घर तेवढे उरलेले. पहिल्यांदा तो तिच्या हातापायांपासून केसांपर्यंतची लक्षणे न्याहाळतो, आणि दंडी या तपासणीला भरपूर जागा देतो. मग साळींचा प्रश्न. मुलगी वृद्ध दाईकडे नुसती पाहते. दाई त्याच्या हातातून साळी घेते, त्याला पाय धुवायला पाणी देते, आणि संस्कृत गद्यातला सगळ्यांत सुरेख स्वयंपाक सुरू होतो.

ती साळी उन्हात वाळवते, हलक्या हाताने घोळून तूस न मोडता वेगळे करते. ते तूस सोनार दागिने उजळायला घेतात. दाईला ते विकायला पाठवून आलेल्या कवड्यांत बेताची वाळलेली लाकडे, लहानशी हंडी आणि दोन परळ मागवते. तांदूळ सडते, पाचपट पाण्यात भात शिजवते. लाकडे विझवून झालेले कोळसेही विकते. त्यांच्या मोलात भाजी, तूप, दही, तेल, आवळे आणि चिंच येते. पेज ओल्या वाळूवर ठेवून पंख्याने निववते. पाहुण्याला आधी अंघोळीसाठी तेल आणि वाटलेला आवळा मिळतो. मग केळीच्या पानावर प्रथम पेज, तिने प्रवासाचा शीण उतरल्यावर तूपभात, आमटी, तोंडीलावणे, शेवटी मसाल्याचे दही, ताक आणि कांजी. तो तृप्त होतो तरी भात उरतोच. मग धूप आणि फुलांनी सुवासित केलेले पाणी नव्या घड्यातून येते.

वर्गात या उताऱ्याला मुली नेहमी काटकसरीचे उदाहरण म्हणायच्या. परीक्षा काटकसरीची होती हे खरे. ग्रिमबंधूंच्या संग्रहातही अशा कथा आहेत. एका गुराख्याला तीन बहिणींतून एक निवडायची असते. पहिली चीज सालीसकट खाते, दुसरी सालीबरोबर चांगले चीजही कापून टाकते, तिसरी बेताने साल काढते, आणि तिसरीचे लग्न ठरते. तेथे कथा संपतेच. पण गोमिनीच्या स्वयंपाकात एक गोष्ट जास्तीची आहे. पेज आधी वाढायची ती पाहुणा थकलेला आहे म्हणून. ती निववायची ती तोंड पोळू नये म्हणून. हे कोणी मागितले नव्हते. शक्तिकुमाराच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावाचूनही पूर्ण झाले असते. त्याने माप घातले होते धान्याला, आणि पानात मापाबाहेरचे काहीतरी आले. त्याला तो फरक कळला का? दंडीने पुढच्या काही ओळींत उत्तर दिले आहे. लग्न करून तो तिला घेऊन जातो आणि लवकरच तिची उपेक्षा करून एका गणिकेला ठेवतो. गोमिनी तिच्याशीही जिवलग मैत्रिणीसारखी वागते, नवऱ्याची सेवा करते, घर सांभाळते. शेवटी तिच्या गुणांनी जिंकला जाऊन तो सारा कारभार तिच्या हाती देतो.

गृहस्थाचे हित कशात, या प्रश्नाला मित्रगुप्त ही कथा उत्तर म्हणून सांगतो, तीही एका ब्रह्मराक्षसाला, जीव वाचवण्यासाठी. उत्तर ठरलेले आहे: पत्नीच्या गुणांत. त्यामुळे टीकाकार या शेवटाकडे पतिव्रताधर्माचा नमुना म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला तो शेवट वेगळा वाचावासा वाटतो. वेष पालटून गावोगाव हिंडणाऱ्या, मुलीच्या बोटांपासून भातापर्यंत सगळे तपासणाऱ्या माणसाला प्रस्थभर साळी देऊन कोणी काही विचारले नव्हते. गोमिनीला तो ज्योतिषी नाही हेसुद्धा ठाऊक नव्हते. परीक्षेत ती उतरली, आणि संसारात तो नापास झाला. हे दंडीने सहज म्हणून लिहिले असेल, असे त्याच्या इतर कथांचा तिरकसपणा पाहता मला पटत नाही.

आता दुसरी कथा. ती यहुदी परंपरेतली आहे. तोराच्या वार्षिक वाचनात तिची पाळी साधारण दिवाळीच्या आगेमागे येते, आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांच्या सिनेगॉगांतही ती त्याच सुमारास वाचली जाते. ‘उत्पत्ती’चा २४ वा अध्याय, ६७ वचनांचा, त्या ग्रंथातला सर्वांत लांब. वृद्ध अब्राहाम आपल्या सेवकाला मुलासाठी, इसहाकासाठी, आपल्या नातलगांतली मुलगी आणायला पाठवतो. सेवक दहा उंट घेऊन नाहोराच्या नगराबाहेरच्या विहिरीशी संध्याकाळी, बायका पाण्याला येण्याच्या वेळी, पोचतो आणि देवाशी एक खूण ठरवतो. मी प्यायला पाणी मागेन. जी मुलगी ‘प्या, आणि तुमच्या उंटांनाही पाजते’ म्हणेल, तीच ती.

प्रार्थना संपते न संपते तोच रिबका खांद्यावर घागर घेऊन येते. तो घोटभर पाणी मागतो. ती घागर हातावर उतरवून त्याला पाजते, आणि उंटांचे पिणे पुरे होईपर्यंत पाणी काढते म्हणते.

धर्मोपदेशांत या जागी ‘लहानशी कृपा’ असे म्हणण्याची पद्धत आहे. जरा हिशेब करू. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. हे उंट किती तहानलेले होते ते कथा सांगत नाही. पण लांबचा प्रवास करून आले होते. निम्मे प्यायले असे धरले, घागर दहा लिटरची धरली, तरी पन्नास खेपा होतात. मूळ वर्णनात ती झऱ्याकडे खाली उतरते आणि भरून वर येते. म्हणजे चढउतार आला. पाण्याच्या खेपा घातलेल्या कोणत्याही बाईला विचारा, हे लहान काम आहे का. आणि सेवकाबरोबर आणखी माणसे होती, हे पुढे जेवणाच्या वेळी कळते. ती सगळी उभी होती. कथा म्हणते, तो मनुष्य गप्प राहून तिच्याकडे निरखून पाहत होता. देवाची खूण पटते आहे का हे तो पाहत होता, असा अर्थ दिलेलाच आहे. तरी पन्नास खेपा होईपर्यंत गप्प राहणारा परीक्षक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

या कथाकाराचे कौशल्य पुढच्या दोन बारकाव्यांत आहे. उंटांचे पिणे झाल्यावर सेवक अर्ध्या शेकेल वजनाची सोन्याची नथ आणि दहा शेकेलांची दोन कांकणे काढतो आणि मग विचारतो, तू कोणाची मुलगी? थोड्या वेळाने तिच्या घरी तोच प्रसंग सांगताना तो क्रम उलटा करतो: आधी कूळ विचारले, मग नथ घातली. विहिरीवर त्याने कुळाआधी वागणूक पाहिली होती. घरातल्या पुरुषांसमोर तसे सांगणे शोभले नसते. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाची ही सराईत चाल आपल्याकडच्या कोणालाही ओळखीची वाटेल.

दुसरा बारकावा धावण्याचा. उंटांसाठी रिबका विहिरीकडे धावते. पाहुणा कोण, कुठला, तिला काहीच माहीत नाही. पुढे तिचा भाऊ लाबानही पाहुण्याकडे धावतो. कथा सांगते की बहिणीच्या अंगावरची नथ आणि कांकणे पाहून, तिचे बोलणे ऐकून, तो धावला. त्याने उंटांसाठी जागा केली, वैरण घातली, पाय धुवायला पाणी दिले. कृती पाहिली तर दोघांचीही आतिथ्याची. मध्ये फक्त सोने आले आहे. निवेदक एक शब्दही टीका करत नाही. पुढे याकोबाला हाच लाबान काय काय फसवतो हे वाचल्यावर वाचकाला ती धाव आठवते. वेटरची परीक्षा सुचवणाऱ्यांनी हा लाबान ध्यानात ठेवावा. परीक्षा आहे हे एकदा कळले, की वैरण सगळेच घालतात. आणि वेटरची परीक्षा आता मुलांनाही ठाऊक झाली आहे.

आणि इसहाक? वय चाळीस. त्याची परीक्षा कोणी घेतलेली नाही. रिबकेला फक्त ‘या माणसाबरोबर जातेस का’ एवढे विचारतात आणि ती ‘जाते’ म्हणते. एवढे विचारले हेच त्या काळी विशेष, हे मान्य. पण दोनच अध्यायांनी दुष्काळात गरारात राहायची वेळ आली, तेव्हा तिथले लोक बायकोपायी आपल्याला मारतील या भीतीने इसहाक तिला आपली बहीण म्हणून सांगतो. पन्नास खेपा घालणारीवर काय ओढवेल, याचा विचार त्याने केला नाही. शक्तिकुमाराचीच गोष्ट पुन्हा. परीक्षेतून सुटलेला नवरा खऱ्या प्रसंगात उणा पडतो. बरे, रिबकाही काही गरीब गाय नव्हे. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या नवऱ्याला करडाचे रुचकर जेवण घालून, थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला मिळवून देणारी तीच. विहिरीवर जी दिसली ती दया होतीच. पण तिच्याबरोबर दिसला होता झपाटा, दुसऱ्याने सांगायची वाट न पाहण्याचा स्वभाव. सेवकाने त्यातली दया तेवढी वाचली.

याच ग्रंथमालेत परीक्षेशिवायची एक विहीर आहे. ‘निर्गम’च्या दुसऱ्या अध्यायात मिसरातून पळालेला मोशे मिद्यानातल्या विहिरीशी बसलेला असतो. तेथील याजकाच्या सात मुली कळपासाठी कुंड्या भरतात आणि धनगर त्यांना हुसकून लावतात. मोशे उठतो, मुलींची बाजू घेतो आणि कळपाला पाणी पाजतो. त्याला कोणी निरखत नाही, कोणी नथ घेऊन आलेले नाही. मुली घरी जाऊन बापाला सांगतात, त्याने आम्हाला सोडवले, शिवाय पाणीसुद्धा काढून दिले. त्या ‘शिवाय’मध्ये गोमिनीची निववलेली पेज आहे. बाप विचारतो, मग त्याला तिथे का सोडून आलात? पुढे त्यांतली एक, सिप्पोरा, त्याची बायको होते.

एवढ्यावर थांबले तर लेख सोपा झाला असता: परीक्षा नको, सहज दिसलेला चांगुलपणा पाहा. पण मराठीत ‘स्मृतिचित्रे’ आहे, आणि ते पुस्तक सोपे होऊ देत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथनाचे भाग १९३४ ते १९३७ या काळात आले. कोणाही अडलेल्याला घरी आणणारे, हातात असेल ते देऊन टाकणारे नारायण वामन टिळक त्यात पानोपानी भेटतात. परक्या माणसाशी केलेल्या वागणुकीवरून जोडीदार निवडायचा तर टिळकांसारखा दुसरा सापडणार नाही. आणि तेच टिळक घर सोडून न सांगता निघून जातात, संतापाच्या भरात भान विसरतात, आणि १८९५ मध्ये बायकोला विश्वासात न घेता ख्रिस्ती होतात. पुढची काही वर्षे ती त्यांच्यापासून वेगळी, हलाखीत काढते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला निवडीचा प्रश्नच नव्हता. पण लक्ष्मीबाई टिळकांच्या औदार्याला ढोंग म्हणत नाहीत, हे महत्त्वाचे. ते खरेच होते. फक्त ते घराच्या उंबरठ्यापासून बाहेरच्या दिशेने वाहत होते, आणि उंबरठ्याच्या आतल्या बाईला त्याचा हिशेब भागवावा लागत होता. हे तिने कडवटपणा न आणता, हसत हसत लिहिले. वेटरशी चांगला वागणारा मुलगा घरीही चांगला वागेल, या अनुमानातला खड्डा मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी दाखवलेला नाही.

मग चांगुलपणा वाचायचा तरी कसा? या प्रश्नावर सबंध कादंबरी लिहिली आहे ती जेन ऑस्टिनने. १८१५ च्या अखेरीस आलेली ‘एमा’ प्रेमकथा म्हणून वाचतात. मी ती चांगुलपणाच्या चुकीच्या वाचनांची कथा म्हणून वाचते. हायबरी गावात मिस बेट्स नावाची गरीब, अखंड बोलणारी प्रौढ कुमारिका आहे. जमीनदार नाइटली तिला आणि तिच्या भाचीला, जेनला, मेजवानीला आणायला आपली गाडी पाठवतो. मिसेस वेस्टन लगेच ताडतात, त्याचे जेनवर मन बसले आहे. एमा म्हणते, छे, तो असा गाजावाजा न करता कोणासाठीही करील. तो आपल्या साठ्यातली उरलीसुरली सफरचंदेही मिस बेट्सकडे धाडतो, आणि मालकाला आता सफरचंदाचा पदार्थ मिळायचा नाही म्हणून त्याची घर सांभाळणारी बाई धुसफुसते. नाचाच्या कार्यक्रमात एल्टन हॅरिएटचा सर्वांदेखत पाणउतारा करतो, तेव्हा एरवी न नाचणारा नाइटली तिला नाचायला नेतो. हॅरिएट त्याचा अर्थ प्रेम असा घेते आणि पुरती फसते. चांगुलपणा खरा, वाचन खोटे.

आणि एमा स्वतः? बॉक्स हिलच्या सहलीत ती सगळ्यांसमोर मिस बेट्सची कुचेष्टा करते. आपल्या कथाबंधाच्या नियमाप्रमाणे ती येथे बाद व्हायला हवी; दुबळ्या माणसाशी ती वाईट वागली, आणि परीक्षकाने ते पाहिले. पण नाइटली गप्प राहून निरखत नाही. गाडीत बसण्याआधी तो तिला गाठतो आणि तोंडावर सांगतो की हे वाईट केलेस. ती बाई गरीब आहे, तिचे दिवस आणखी उतरणीला लागणार आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी एमा मिस बेट्सकडे जाते. शक्तिकुमार आणि अब्राहामाचा सेवक यांच्यात आणि नाइटलीत मला हा फरक सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्या दोघांनी माणूस पारखला, आणि पारखताना स्वतःला पडद्याआड ठेवले. नाइटली बोलतो, आणि बोलण्यात तिचे मन गमावण्याचा धोका पत्करतो. तिच्या जन्मापासूनच्या शेजारामुळे त्याला तो पत्करता आला, हेही खरे. दोन तासांच्या कॉफीत ही सोय नाही.

ऑस्टिनने टिळकांच्या उंबरठ्याचाही विचार केलेला आहे. एमाचा म्हातारा, घाबरट बाप घर सोडू शकत नाही आणि मुलगी त्याला सोडू शकत नाही. तेव्हा स्वतःची मोठी हवेली असलेला, सदतीस-अडतीस वर्षांचा नाइटली सासऱ्याच्या घरी राहायला यायचे कबूल करतो. चक्क घरजावई. आपल्याकडे या शब्दाला किती टोचणी आहे ते सांगायला नको. बाहेरच्यांना गाडी आणि सफरचंदे धाडणारा माणूस घरात आल्यावर काय देईल, याचे उत्तर येथे मिळते. म्हाताऱ्याला मात्र त्याचे काहीच वाटत नाही. मुलीच्या लग्नाच्या कल्पनेनेच त्याचा जीव कासावीस होतो. शेवटी शेजारच्या मिसेस वेस्टनच्या खुराड्यातल्या टर्की कोंबड्या एका रात्री चोरीला जातात, आणि घरात एक धडधाकट जावई असलेला बरा, एवढ्यासाठी तो परवानगी देऊन टाकतो.